मनगटावरची पट्टी

त्या प्रकरणाला आता विसाहून जास्त वर्षं झाली, पण अजूनही कुणा बाईच्या मनगटावर पांढरी पट्टी दिसली की मी बोलता बोलता थांबतो. बायको म्हणते, रिटायर झालात तरी तुमची पोलिसी नजर काही जात नाही. तिला कितीदा सांगितलं, ही नजर खात्यानं दिलेली नाही. खात्यानं मला बेड्या घातलेली मनगटं बघायला शिकवलं. पट्टी बांधलेलं मनगट कसं बघायचं ते मला एका आरोपी बाईनं शिकवलं.

नावं कुणाचीच घेणार नाही. त्यातले काही लोक आज मानाने जगताहेत, आणि ज्यांचा मान गेला त्यांच्या मुलाबाळांचा यात काही दोष नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दौंड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तीस-बत्तीस माणसं, चाळीसेक गावं आणि एक जीप. ही जीप नेहमी उतारावर लावून ठेवावी लागे, नाहीतर चार जणांनी ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. त्या तीस-बत्तीस माणसांत महिला शिपाई एकच. शिरूर तालुक्यातल्या निमोण्याकडची, धनगराची पोर. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढं बापानं शेती धरली. चालायला लागली की पुरुष मागे पडायचे. कामाला चोख, बोलायला कमी. ठाण्यात ती दीड वर्ष होती आणि त्या दीड वर्षात मी तिच्याशी कामापलीकडं एक वाक्य बोललो असेन तर शपथ. अधिकाऱ्यानं असंच वागावं, अशी माझी समजूत होती.

एके दिवशी सकाळची हजेरी संपते ना संपते तोच एक ऊसतोड मुकादम भेटायला आला. मुकादम म्हणजे गावाकडून तोडणीची माणसं जमवून आणणारा आणि हंगामभर त्यांच्यावर हुकूम चालवणारा. पांढरेशुभ्र कपडे, हात जोडलेले, बोलणं मिठ्ठास. त्याची टोळी खुटबाव ओलांडून नदीकडं जाताना एका गुऱ्हाळाला ऊस तोडून देत होती. म्हणाला, मागच्या हंगामापासून एक परमुलखातली बाई टोळीला चिकटलीय. डॉक्टरकीचा कागद नाही, पण सुया टोचते, टाके घालते. बाया तिला पट्टीवाली म्हणतात आणि तिच्याच तालावर नाचतात. उद्या एखादी मेली म्हणजे माझ्या गळ्यात येईल.

मला माणूस आवडला. आपणहून ठाण्याची पायरी चढणारा नागरिक दुर्मीळ. मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला. हे लिहिताना आज लाज वाटते, पण पाजला ते खरं.

बोगस डॉक्टरची केस करायची तर सरकारी डॉक्टर सोबत लागतो. आरोग्य केंद्राचा तरुण डॉक्टर, दोन पंच आणि महिला शिपाई यांना घेऊन आम्ही दुपारी गुऱ्हाळावर गेलो. कढईत रस उकळत होता, चुलवाणात चिपाडं धडाडून पेटलेली, अंगणभर गोड वाफ. पलीकडं उसाच्या पाचटाच्या पंधरा-वीस कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या. शेवटच्या कोपीत ती बाई सापडली. तिशीची असेल, काटक. मी नाव विचारलं तशी ताठ उभी राहिली, हात मागे बांधून. मजूर बाई फौजदारापुढं अशी उभी राहत नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

पंचनामा सुरू झाला. पत्र्याची एक पेटी. चिमटा, कात्री, वाकड्या सुया, जांभळं औषध, आणि जुन्या धोतराच्या फाडून उकळून वाळवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांची गुंडाळी. गोळ्या पाच-सहा, त्याही साध्या तापाच्या. इंजेक्शनची एकच काचेची सिरिंज, तीही फुटलेली. चुलवाणात जाळ घालणारा मजूर, ज्याला तिकडं जाळव्या म्हणतात, तो मध्येच पुढं आला आणि कुणी न विचारता त्यानं बाही वर केली. दंडावर जखमेचा लांब वण होता.

डॉक्टरानं तो वण पाहिला, दाबला, जाळव्याला चार प्रश्न विचारले आणि मला बाजूला घेतलं. म्हणाला, "साहेब, कोयत्याची घाण जखम होती. हिनं ती लगेच शिवली नाही. धुऊन, कापडाची वात भरून चार दिवस उघडी ठेवली आणि मग शिवली. लगेच शिवली असती तर आत पू होऊन हात गेला असता. हे लढाईतल्या दवाखान्यात करतात. ही बाई कुठून आली ते बघा."

झालं. मी सुतावरून स्वर्ग गाठला. पूर्वेकडच्या जंगलात हत्यारं घेऊन लपूनछपून लढणाऱ्यांच्या बातम्या आम्ही पेपरात वाचत होतो. माझ्या बॅचचा एक जण तिकडं सुरुंगात गेला होता. त्याच्या आईला मी भेटून आलो होतो. त्यामुळं राग होताच. आणि खोटं कशाला बोलू, रागाच्या जोडीला मला पेपरातला माझा फोटोही दिसायला लागला होता.

टोळीतल्या चार बायांच्या डाव्या मनगटांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या. ‘जखमींवर बेकायदा उपचार केल्याचे दिसून आले’ असं पंचनाम्यात घातलं, त्या चौघींना दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी आरोग्य केंद्रात आणायला सांगितलं आणि पट्टीवालीला जीपमध्ये बसवलं. मुकादम रस्त्यापर्यंत पोचवायला आला होता.

ठाण्यात चौकशी सुरू केली. बाईच्या अंगाला हात लावायचा नाही हा माझा नियम होता आणि त्या नियमाचा मला मोठा अभिमानही होता. ओरडून पाहिलं. चहा देऊन पाहिलं. नुसता गप्प बसून राहिलो, कारण गप्प बसलेल्या फौजदारापुढं भलेभले बोलायला लागतात. ही हलली नाही. नाव सांगितलं, तेही बहुधा खोटं, आणि पाणी मागितलं. महिला शिपाई शेजारी कागद घेऊन बसली होती. आमचा ड्युट्या वाटणारा हवालदार दोन-तीनदा सही घ्यायला आत आला. तो आला की दर वेळी महिला शिपाई उठून खिडकीशी जाऊन उभी राही. मला वाटलं, पोरीला उकडतंय. पट्टीवाली मात्र मान न वळवता तिच्याकडं बघत होती.

दिवस मावळायच्या आत तिला महिला शिपायाबरोबर जवळच्या एका जुन्या मिशनच्या बायकांच्या वसतिगृहात पाठवलं. बाईमाणसाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही हाही माझा नियमच.

दुसऱ्या दिवशी त्या चौघी बाया आरोग्य केंद्रात आल्या. सोबत टोळीतली एक म्हातारी होती, सत्तरीला टेकलेली, कमरेत वाकलेली, जीभ मात्र सरळ. डॉक्टरानं पहिलीची पट्टी सोडली. खाली काही नाही. ओरखडासुद्धा नाही. दुसरीची सोडली, तिसरीची सोडली, तेच. चौथी एक नवी सून होती, अठरा-एकोणीस वर्षांची. तिनं हात पदराखाली घेतला. मी दरडावलं तेव्हा पुढं केला. तिचंही मनगट स्वच्छ.

माझं डोकं फिरलं. सरकारी डॉक्टरची सकाळ घालवली, पोलिसांची थट्टा मांडलीय का, असं बरंच काही बोललो. चौघी खाली बघत राहिल्या. म्हातारीनं तेवढं माझ्याकडं पाहिलं.

"जखम हाय की, सायब. तुमच्या डागदरला दिसंना, त्याला आमी काय करावं?"

मला वाटलं म्हातारी चळलीय. चौघींना उसाच्या ट्रॅक्टरवर बसवून गुऱ्हाळावर परत पाठवलं आणि चारही पट्ट्या मुद्देमाल म्हणून खिशात घालून ठाण्यात आलो. पट्टीवाली आणि महिला शिपाई येऊन बसल्या होत्या. मी पट्ट्या टेबलावर टाकल्या आणि विचारलं, हे काय नाटक आहे?

तिचा चेहरा उतरला. इतक्या वेळात पहिल्यांदा ती खुर्चीतून उठली.

"कुणी सोडल्या? त्या पोरीचीपण सोडली काय जी? कुठं आहे ती आता?"

गुऱ्हाळावर परत गेली, मी म्हणालो. मग आधी तिकडं चला, माझं नंतर लिहा, असं ती म्हणायला लागली. मी पडलो कायद्याचा माणूस. आधी सांग, मग बघू. तेव्हा तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. मराठी चंद्रपूरच्या पलीकडचं, मध्येच हिंदी. ती धावत सांगत होती, मी इथं क्रमानं लावून लिहितो.

सोळाव्या वर्षी ती जंगलातल्या एका दलात गेली होती. तिथल्या डॉक्टर टीममध्ये होती. टीम म्हणजे पाच-सहा पोरी आणि त्यांची मुख्य एक मोठी बाई, तिला सगळ्या अक्का म्हणत. पाणी उकळायचं, जखमा धुवायच्या, गोळ्या काढायच्या, पेशंटला झोळीत घालून डोंगर चढायचा. तू बंदूक चालवलीस का, मी विचारलं. म्हणाली, चालवता येत होती, पण आमच्या वाट्याला दुसऱ्यांनी चालवलेल्या गोळ्या काढणं आलं.

त्या दलाचा म्होरक्या पोरींना एकेकटीला पहाऱ्याला बोलवायचा. पाय चेपायला बोलवायचा. पुढचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बैठकीत तक्रार केली की वर्गशत्रू, शिस्त, क्रांती असले मोठे शब्द यायचे आणि पोरीच गुन्हेगार ठरायच्या. अक्काचं कुणी ऐकेना. पण दलाचा एक नियम होता. पेशंट हा डॉक्टर टीमच्या ताब्यात असतो. तो बरा झाला असं टीम म्हणेपर्यंत त्याला म्होरक्यासुद्धा हुकूम देऊ शकत नाही. चालायचा नाही, पहाऱ्याचा नाही, कसलाच नाही.

अक्कानं तो नियम पकडला. जी पोरगी सकाळी तिच्यापुढं येऊन मुकाट्यानं डावा हात पुढं करील तिच्या मनगटावर ती पट्टी बांधायची. का, कशासाठी, एक शब्द विचारायचा नाही. पट्टी बांधलेली पोर रात्री टीमच्या दोघींच्या मध्ये झोपायची. म्होरक्या चिडला, हिला काय धाड भरलीय म्हणाला. अक्का म्हणाली, माझ्या पेशंटचा आजार मी ठरवीन. काही महिन्यांनी एका सकाळी दलातल्या सगळ्या पोरी पट्ट्या बांधून रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा ती गोष्ट वरपर्यंत गेली आणि त्या म्होरक्याला तिथून हलवावं लागलं.

"मग पळालीस कशाला?" मी विचारलं.

"अक्का तापानं गेली, जी. पट्टी राहिली, पण पट्टीला मानणारं कोणी राहिलं नाही."

ती जंगलातून निघाली, कामाच्या शोधात फिरत फिरत या टोळीला लागली आणि आगीतून फुफाट्यात आली. इथं मुकादमाचा तोच खेळ. ज्या बाईचा नवरा गावाकडं गेलेला किंवा आजारी, तिला लांबच्या फडावर एकटीला धाडायचं. म्हणून पट्टीवालीनं सगळ्या टोळीदेखत सांगून टाकलं होतं, माझ्या पट्टीची बाई एकटी कुठं जाणार नाही आणि माझ्या कोपीत झोपेल, रक्त बिघडलंय, मेली तर केस होईल. टोळीतल्या गड्यांनी ते मानलं. मुकादमाला चार माणसांत उलट बोलता येईना, कारण बोलायचं तर स्वतःचंच पितळ उघडं पडणार. त्या नव्या सुनेच्या नवऱ्याचे पाय काकवी सांडून भाजले होते आणि तो पंधरा दिवस दौंडच्या दवाखान्यात होता. तिला पट्टी त्याच दिवशी बांधली होती. म्हणून मुकादम माझ्याकडं आला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, आणि त्या चोराला चहा पाजून वर सरकारी जीप मी दिली होती. पट्टीवालीला मी उचललं आणि उरल्यासुरल्या पट्ट्या डॉक्टरकडून सोडवून घेतल्या. मुकादमाला जे पंधरा दिवसांत जमलं नाही ते मी दीड दिवसात करून दिलं.

ती सांगत असताना महिला शिपाई लिहून घेत होती. म्होरक्याचा भाग आला तिथं तिचं पेन थांबलं होतं. मी म्हणालो, लिही. तिनं लिहिलं.

जीप काढली. नेमकी त्या दिवशी ती एका झटक्यात चालू झाली. रस्ताभर मी मनात हिशेब मांडत होतो, ट्रॅक्टर निघून किती वेळ झाला. त्या चौथ्या मनगटावरची पट्टी सोडताना मी ज्या आवाजात दरडावलं होतं, तो आवाज माझ्याच कानात घुमत होता. मी हळवा माणूस नाही. पण त्या दिवशी जीपमध्ये बसून मी देवाला म्हणालो, एवढ्या बाबतीत मला उशीर होऊ देऊ नकोस.

गुऱ्हाळावर पोचलो तर मुकादम नव्हता आणि ती पोरही नव्हती. जाळव्यानं नदीकडं बोट केलं. वाढे बांधायला धाडलंय म्हणाला. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा. महिला शिपाई माझ्या आधी पळाली. पट्टीवाली तिच्या मागे. मी तिसरा.

फडाच्या टोकाला बांधावर ती म्हातारी बसली होती, मांडीवर कोयता. तिच्या पाठीमागं ती पोर वाढ्यांच्या भाऱ्याला टेकून उभी. समोर दहा पावलांवर मुकादम. म्हातारी कधी आली, कशी चालली, देव जाणे. तिनं आपल्या लुगड्याचा काठ टरकावून एक चिंधी पोरीच्या मनगटावर बांधली होती आणि दुसरी स्वतःच्या.

मला बघून मुकादम हसला आणि हात जोडले. म्हातारी जागची हलली नाही.

"या, सायब," ती म्हणाली. "लई येळ लावला."

पोरीला धक्का लागला नव्हता. हे वाक्य मी तेव्हा डायरीत लिहिलं, त्या आधी पेन खाली ठेवून दोन मिनिटं बसलो होतो.

मुकादमाला ताब्यात घेतलं. पोरीचा जबाब दिवस असतानाच महिला शिपायानं घेतला, मी खोलीबाहेर थांबलो. आदल्या पंधरवड्यात, पट्टी असतानाही, त्यानं दोनदा तिचा हात धरला होता. एक बाई बोलली तशा आणखी दोघी बोलल्या, त्यांतली एक मागच्या हंगामातली. विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला आणि पुढं कोर्टात टिकला, कारण बायांनी साक्षी फिरवल्या नाहीत. त्यांच्या गावी जाऊन आणण्यानेण्याचं काम जाळव्यानं केलं.

पट्टीवालीचं काय करायचं हा प्रश्न उरला. तिचं मागचं आयुष्य मला लपवता येत नव्हतं, लपवावं असंही वाटत नव्हतं. मी तिला सरळ सांगितलं, रिपोर्ट वर जाणार. ती म्हणाली, जाऊ द्या जी, पळून पळून पाय दुखले. मी रिपोर्टात शरणागतीची शिफारस केली आणि तिच्या हातून वाचलेल्या माणसांची यादी जोडली. बोगस डॉक्टरची केस पंचनाम्यापुढं गेलीच नाही. तिनं कुणाकडून पैसा घेतला नव्हता आणि डॉक्टरानं फिर्याद द्यायला साफ नकार दिला. तिकडच्या अधिकाऱ्यांनी येऊन नेलं. काही महिने वाईट गेले, कारण मी शब्द दिला होता आणि तो पाळणं माझ्या हातात नव्हतं. पण तिच्या नावावर तिकडं रक्ताचा गुन्हा निघाला नाही. सुटली. पुढं मिशनच्या ओळखीनं शिरूरच्या बाजूला एका दवाखान्यात कामाला लागली. आधी फरशी पुसायला आणि नंतर, परीक्षा देऊन, पट्ट्या बांधायला.

इथं आठवण संपवता आली असती. माझ्या सत्काराच्या भाषणात मी ती बरीच वर्षं इथंच संपवायचो. पण खरी केस पुढं आहे.

मुकादमाला पकडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला सगळे रांगेत उभे होते. मी खूश होतो, चांगलं काम केलं म्हणून दोन शब्द बोलणार होतो. रांगेच्या टोकाला महिला शिपाई उभी होती. गणवेश कडक इस्त्रीचा. डाव्या मनगटावर, घड्याळाच्या जागी, पांढरी पट्टी.

मी म्हणालो, "काय लागलं?"

"काय न्हाई, साहेब."

हात तिनं लपवला नाही. नजरही खाली घेतली नाही. रांगेतले बाकीचे समोर बघत उभे होते. एकटा हवालदार पट्टीकडं बघत होता, आणि त्याला ती काय आहे ते कळत नव्हतं. मला कळत होतं. ती गोष्ट सांगितली गेली तेव्हा त्या खोलीत आम्ही तिघंच होतो.

तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं ठेवलं. बस म्हणालो. दीड वर्षात पहिल्यांदा. ती जे बोलली ते इथं लिहीत नाही, तिची परवानगी नाही. एवढंच सांगतो की ठाण्याच्या मागच्या अंगाला जुन्या कागदपत्रांची खोली होती आणि आठवड्यातून तीनदा तिची ड्युटी तिथं लागायची. तिची आणि त्या हवालदाराची. बाकी कुणाची नाही. रोज संध्याकाळी ते ड्युटीचं रजिस्टर माझ्यापुढं येई आणि मी न वाचता सही करी. मी दीड वर्षाची पानं उलटली. प्रत्येक पानावर माझी सही. बायांच्या अंगाला हात लावायचा नाही, बाईला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही, अशा माझ्या नियमांच्या गमजा! दिव्याखाली अंधार होता आणि दिवा म्हणून मी मिरवत होतो.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तिनं पट्टीची गाठ चाचपली. मग म्हणाली, "साहेब, सांगायचं तर कुणीतरी आधी इचारावं लागतं. त्या बाईनं परवा राती वसतिगृहात मला काय बी इचारलं न्हाई. नुसता हात पुढं कर म्हणाली. त्या राती मी केला न्हाई, काल तिची गोष्ट ऐकल्यावर केला. तिनं ठाण्यात बसल्या बसल्या वळखलं होतं."

आरोपी म्हणून मी जिला दिवस मावळेपर्यंत प्रश्न विचारत होतो, तिनं एका खुर्चीत बसून माझं ठाणं वाचलं होतं. खिडकीशी जाणाऱ्या पोरीला उकडत नव्हतं, हे तिला कळलं होतं.

मी स्वतःच्या हातानं वर रिपोर्ट लिहिला, माझ्या सह्यांचा उल्लेख करून. ठाण्यात कुजबुज झाली. जुने लोक घरी येऊन सांगून गेले की साहेब, खात्याची अब्रू जाईल, बाईची बदली करा, प्रकरण मिटवा. मी बदली केली नाही. चौकशी अधिकारी आला, हवालदार निलंबित झाला आणि मला लक्ष न दिल्याबद्दल ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे. बक्षिसं बरीच मिळाली, पण त्या ताकिदीइतकी रास्त नोंद त्या पुस्तकात दुसरी नाही.

त्यानंतर मी जिथं जिथं गेलो तिथं पहिल्या दिवशी महिला कर्मचाऱ्यांना एकत्र बोलवायचो. प्रथमोपचाराच्या पेटीत पट्टीचा एक रोल ठेवायचो आणि सांगायचो, ही कुणीही बांधावी, का बांधली ते मी चार लोकांत विचारणार नाही, ड्युटी मात्र त्याच दिवशी बदलेन आणि नंतर दार उघडं ठेवून ऐकेन. सोबतचे अधिकारी हसायचे. पहिल्याच ठाण्यात तो रोल दोन महिन्यांत संपला. मग कुणी हसलं नाही. ड्युटीचं रजिस्टर त्यानंतर मी निवृत्तीपर्यंत ओळ न् ओळ वाचून सही केली.

शेवटच्या ठाण्यात मात्र रोल तसाच राहिला. वरचा कागदही कुणी फाडला नाही. तीन वर्षांत पिवळा पडला. मला ते खटकत होतं. गरज उरली नाही म्हणून पडून आहे, की हात पुढं करायचीही कुणाची छाती होत नाही म्हणून? निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरताना तो सापडला आणि मी पिशवीत टाकला.

निरोपाच्या कार्यक्रमाला ती आली होती, निमोण्याची महिला शिपाई. आता खांद्यावर दोन तारे, हाताखाली एक चौकी आणि नऊ पोरी. सोबत वडील आणलेले, डोक्याला लाल पागोटं, लेकीच्या ताऱ्यांकडं बघत बसले होते. पट्टीवाली बाईसुद्धा दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत आली होती, मागच्या रांगेत. कार्यक्रम झाल्यावर मी पिशवीतून तो पिवळा रोल काढून फौजदारीणबाईंना दाखवला आणि माझी शंका विचारली.

तिनं रोल हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि पट्टीवालीकडं बघून हसली.

"तुम्ही उगा घोर लावून घेताय, साहेब," ती म्हणाली. "आताच्या पोरी पट्टी बांधत न्हाईत. तोंडावर सांगत्यात."